तुझ्या वाट्याच्या तारल्या

मांजर्ली, बदलापूर

अस्मिता बाळा, जयभीम.

तुझा आणि माझ्या सुमेधचा घटस्फोट होऊन वर्ष झालं, तरी तू आणलेला तारली माशांचा सीलबंद डबा वरच्या फळीवर तसाच होता. या महिन्यात त्याची तारीख संपतेय, म्हणून आज दुपारी उघडला.

लग्नानंतर ऑफिसच्या कामाने पोर्तुगालला गेलीस, तेव्हा असे दोन डबे आणले होतेस. तू आंघोळीला गेलीस आणि मी एक फोडला. एवढं तेल बघून मला वाटलं, मासा खराब झालाय. नळाखाली खळखळून धुतला आणि झणझणीत रस्सा केला. तू कढईत बघत राहिलीस, मग दोनदा भात मागून घेतलास. "मस्त झालंय, आई. दुसरा डबा आपण दोघी पावावर लिंबू पिळून खाऊ," म्हणालीस.

आज तसाच खाल्ला. अगं, सगळी चव त्या तेलातच की! आणि मी येडी, ते मोरीत ओतून मोकळी झाले होते.

मग हातातला पाव खाली ठेवला. या घरात आणखी काय काय तू "मस्त" म्हणत गिळलंस, ते मी कधी विचारलंच नाही. बॅग घेऊन निघालीस तेव्हाही "सांभाळून जा" एवढंच म्हणाले.

हे पत्र टाकायची हिंमत नाही माझ्यात. पण डब्यात सहा तारल्या होत्या. तीनच खाल्ल्यात. तीन तेलासकट झाकून ठेवल्यात.

तुझी,
आईच