कागदोपत्री परत आलेल्या माझ्या भावाच्या शोधाबाबत

प्रति,
मा. जलाशय सुरक्षा अधिकारी,
नौकाविहार विभाग,
धक्क्यामागील कार्यालय, पहिला मजला.

विषय : शनिवारी उलटलेल्या होडी क्र. १४ चा अपघात नोंदवून शोधपथक आजच पाठवणेबाबत.
संदर्भ : माझे कालचे दोन अर्ज व दोन्हींवर मिळालेले एकच उत्तर.

महोदय,

मी आपल्याच विभागाच्या तिकीट खिडकीवर एकोणीस वर्षे कारकून आहे. होडी क्र. १४ शनिवारी माझ्या धाकट्या भावाने नेली. तो शिंपी आहे. आठवडाभर मशीनवर वाकून पाठ धरते, म्हणून सुट्टीच्या दिवशी एकटाच वल्हवायला जातो. काल सकाळी ती होडी पलीकडच्या काठाला पालथी सापडली. भाऊ अद्याप सापडलेला नाही. पोलीस म्हणतात, पाण्यातले ते तुमच्या साहेबांचे.

१. आपले उत्तर असे की, नोंदवहीनुसार तो सायंकाळी ५.३० वाजता परतला आहे, सबब अपघात झालेला नाही. ती नोंद माझ्या हातची आहे (पानाची प्रत सोबत जोडली आहे). संध्याकाळी खिडकीवर झुंबड उडते, म्हणून नेहमीच्या माणसांची परतीची वेळ आम्ही सकाळीच भरून ठेवतो. आजवर सगळे परत येत होते, त्यामुळे कुणाला काही वाटले नाही. त्या दिवशी लिहिताना मी भावाकडे मान वर करूनही पाहिले नाही. चूक सर्वस्वी माझी आहे. आपले शिपाई म्हणाले, "बाई, कागदावर तुमचा भाऊ घरी आलाय." साहेब, मी घरी जाऊन पाहिले. भावजय दारातच बसून आहे.

२. अपघाताच्या फॉर्मवर होडी चालवणाऱ्याची सही हवी, असे कळवण्यात आले. चालवणारा सापडताच त्याची सही मी स्वतः आणून देईन.

३. अपघात झाला नाही म्हणून शोध नाही. मात्र पालथी होडी मिळाल्याने चौकशी होईपर्यंत उरलेल्या तेवीस होड्या साखळीने बांधून सील केल्या आहेत. चौकशी कशाची, असे विचारले तर उत्तर मिळते, अपघाताची. आता मी डोके कुठे आपटावे, हे आपणच सांगावे.

४. आज सकाळी मधल्या बेटावरच्या गवतात काहीतरी निळे हलताना मी धक्क्यावरून पाहिले. भावाचा शर्ट निळा आहे. कापड मी आणले होते, शिवला त्याने. एखादी चिंधीही असेल. पण तो असेल, तर दोन रात्री त्याने ओल्या अंगाने काढल्या आहेत आणि मी इथे बाकावर बसून अर्ज लिहीत आहे. जीव थाऱ्यावर नाही, अक्षर वाईट आले असल्यास क्षमा असावी.

तरी मला निलंबित करावे, दंड करावा, हवे ते करावे, पण एक होडी सोडावी. दुपारी बारापर्यंत आदेश न झाल्यास मी सील तोडून होडी क्र. ६ नेणार आहे. हा गुन्हा आहे, याची मला जाणीव आहे. मला वल्हवता येत नाही आणि पोहताही येत नाही, हेही आपल्या माहितीसाठी नमूद करते.

उत्तर द्यायचे झाल्यास मी बारापर्यंत धक्क्यावर आहे.

आपली नम्र,
(सही)
कारकून, तिकीट खिडकी
सोमवार, सकाळी १०.४०