तहानेवर चौदा पानं

२८ फेब्रुवारी २००१, राखेचा बुधवार. शिरूर.

नवी वही. ही कुणी वाचायची नाही. तरी पुढे कधी कुणाला माझ्याविषयी लिहावंसं वाटलं तर त्याचं अडू नये, म्हणून थोडी माहिती. शलोमी, टी.वाय.बी.ए. शिरूरला कॉलेजसाठी भाड्याची खोली, घर दौंडला रेल्वे क्वार्टरमध्ये. पप्पा गँगमन. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. अजून पोचले नाही, पण ते एप्रिलमध्ये होईलच.

आता मुख्य गोष्ट. आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना असते. प्रभूने वधस्तंभावरून सात उद्गार काढले, त्या सात शब्दांवर सात जण बोलतात. प्रत्येकी दहा मिनिटं. यंदा पाचवा शब्द, ‘मला तहान लागली आहे’ हा, म्हणजे तहानेचा, एका तरुण व्यक्तीला द्यायचं ठरलं. ती व्यक्ती मी! मुलीला शब्द मिळण्याची ही पहिलीच वेळ.

गेली एकोणीस वर्षं पाचवा शब्द आनंदराव मास्तर घेतात. शाळेतून रिटायर झालेले. दरवर्षी तीच एक छोटी गोष्ट सांगतात आणि दोन मिनिटांत खाली उतरतात. तयारी करत नसावेत. शब्द गेल्याचं त्यांना दुःख झालं असणार. मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली.

ठराव: रोज पहाटे साडेचारला उठणे. ईस्टरपर्यंत उपासाचे चाळीस दिवस चहा बंद. रूममेट धनश्रीवर चिडायचं नाही. संदेश एका आठवड्यात लिहून पूर्ण, मग फक्त परीक्षा.

१ मार्च. पहाटे ४.४०

उठले. दहा मिनिटं उशीर दिसतोय, पण घड्याळच पुढे आहे.

५.०५

मोठ्याने प्रार्थना सुरू केली होती. शेजारच्या खोलीतले महेंद्रभाऊ दारावर आले. ते रांजणगावला कंपनीत आहेत, सेकंड शिफ्ट करून रात्री एक वाजता घरी येतात. म्हणाले, ताई, देवाला हळू बोललेलंबी ऐकू येतं ना? मग माझ्यावर उपकार करा. शेजाऱ्यावर प्रेम करणं हा आपल्या धर्माचा पायाच आहे. तेव्हा उद्यापासून साडेसहा.

दुपारी

डोकं फुटतंय.

संध्याकाळी

कॉफी म्हणजे चहा नव्हे.

४ मार्च, रविवार. दौंड.

चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत. हे मी नाही, चर्चच्या पाळकसाहेबांनीच सांगितलं. तीन कप.

जेवताना पप्पांनी विचारलं, तुझं ते बोलायचं नक्की कोणत्या तारखेला? सांगितली. बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, मुकादमाला आजच सांगतो. बावीस वर्षांत पप्पा गुड फ्रायडेला कधी पूर्ण बसलेले नाहीत. रुळाला सुट्टी नसते. आलेच तर मागच्या बाकावर, दाराशी, निघायला बरं म्हणून. यंदा पुढं बसणार म्हणाले. दोन रविवारची ड्यूटी करतो पण तेवढा शुक्रवार सोडा, असं सांगणार आहेत.

आईने लगेच त्यांचा पांढरा शर्ट पेटीतून काढला. म्हटलं, आई, अजून चाळीस दिवस आहेत. म्हणाली, मंग? वास जायला नको?

८ मार्च

कॉलेजची लायब्ररी. तहान या विषयावर मराठीत फारसं काम झालेलं दिसत नाही. ही उणीव आता भरून निघेल. शरीरशास्त्राचं एक पुस्तक मिळालं, माणसात किती टक्के पाणी असतं ते आहे. भूगोलाच्या सरांकडून पॅलेस्टाइनचं पर्जन्यमान घेतलं. सर म्हणाले, तुझा विषय इकॉनॉमिक्स आहे ना? काही लोकांची दृष्टीच मर्यादित असते.

१४ मार्च

संदेश पूर्ण!! फुलस्केप, पाठपोट, चौदा पानं.

धनश्रीला वाचून दाखवला. ती वडगाव रासाईची. आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता ऊस आहे. बी.कॉम.ला आहे, त्यामुळे साहित्याची तेवढी जाण नाही. घड्याळ लावून ऐकत होती. पस्तीस मिनिटं. शेवटी म्हणाली, शलू, त्या देशात पाऊस किती पडतो ते समदं कळलं. पण त्या माणसाला पाणी दिलं का न्हाई कुणी? म्हटलं, ते तेराव्या पानावर आहे. म्हणाली, अगं, तेराव्या पानापर्यंत त्यांनी कुठवर कळ काढायची?

चिडले नाही. फक्त झोपेपर्यंत बोलले नाही.

१९ मार्च

संदेश लहान करायला घेतला. त्यात असं लक्षात आलं की काही मुद्दे अर्धवट राहिलेत. ते स्पष्ट केले. आता एक्केचाळीस मिनिटं. पानं मात्र चौदाच ठेवली आहेत, अक्षर बारीक केलं.

दहा मिनिटांचा नियम सामान्य वक्त्यांसाठी असावा. लोकांना घड्याळ पाहायची आठवणच राहिली नाही तर प्रश्न मिटला.

२७ मार्च

आज धनश्रीने चहा केला, माझ्यासाठीही ओतला. नको म्हणून तिचं मन कसं मोडू? नम्रता हासुद्धा एक उपासच आहे. तिचा मंगळवारचा उपास होता. म्हणाली, आमच्यात उपासाला चहा चालतो बाई, तुमचा देव लय कडक. मी म्हटलं, देव कडक नाही, मी कडक आहे. दुसरा कप अर्धाच घेतला.

इकॉनॉमिक्स उघडलेलं नाही. परीक्षा १९ एप्रिलपासून. शब्द एकदा झाला की पाच दिवस पूर्ण मोकळे आहेत. भरपूर.

८ एप्रिल, झावळ्यांचा रविवार. दौंड.

चर्चबाहेर आनंदराव मास्तर भेटले. सलाम केला. त्यांनी विचारलं, बाळ, किती लिहिलंस? आकडा सांगितला.  त्यांनी पिशवीतून एक पातळ वही काढली, म्हणाले, वाटलं तर बघ. मी नम्रपणे नको म्हटलं, माझी मांडणी वेगळी आहे. म्हणाले, बरं. पण दोन मिनिटांचं काहीतरी निराळं पाठ करून ठेव हो.

किती सूक्ष्म असूया! तरी माझ्या मनात काही नाही. त्यांच्यासाठी पुन्हा प्रार्थना केली. यावेळी जरा लांब.

१२ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ७

प्रभुभोजनाच्या उपासनेहून आलो. परत येताना एक विचार विजेसारखा आला. जी तहान मी कधी अनुभवलीच नाही, तिच्याविषयी मी कोणत्या तोंडाने बोलणार? उद्या सगळेच तीनपर्यंत उपास करतील, पण ते सकाळी उठून पाणी पितील. मी या क्षणापासून पाणी बंद केलं आहे. एक थेंब नाही. पाचव्या शब्दापर्यंत एकोणीस तास होतील. हे ज्याला सुचलं असा दुसरा वक्ता आमच्या चर्चमध्ये झालेला नाही.

आईला तत्त्व समजावलं. आई म्हणाली, बाहेर बेचाळीस डिग्री हाय. तुझ्या तत्त्वाला तेवढं सांगून ठेव.

पप्पांचा शर्ट दाराला अडकवला आहे. इस्त्री केलेला.

१३ एप्रिल, गुड फ्रायडे. सकाळी ७

तहान नाही. विशेष काही वाटत नाही. लोक उगाच बाऊ करतात.

९.३०

थोडं वाटतंय.

१०.४५

माठ स्वयंपाकघरात आहे. त्या बाजूला जात नाही.

११.१५

आई भांडी विसळते आहे. मुद्दाम.

संध्याकाळी ६

जे झालं ते खरं लिहिणार आहे. कोणी वाचायचं नाहीच.

चर्च भरलं होतं. वर पत्रे. आत मावले नाहीत ते व्हरांड्यात सतरंजीवर. पप्पा दुसऱ्या बाकावर, शर्टाचं वरचं बटण लावून, हात मांडीवर ठेवून बसलेले. फोटो काढायला बसावं तसे.

पहिल्या शब्दाला पंचवीस मिनिटं लागली. दुसऱ्याला तीस, कारण त्यात त्यांच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन आलं. तिसऱ्या शब्दाचे वक्ते दोनदा म्हणाले, शेवटचं सांगतो आणि थांबतो. एकदाही थांबले नाहीत. चौथ्यांचं मला काही ऐकू आलं नाही, माझ्या कानात शिटी वाजत होती. त्यांचं संपलं तेव्हा दोन पस्तीस झाले होते. पाळकसाहेबांनी मला चिठ्ठी दिली. अजून दोघं बाकी, दोन मिनिटांत आटप.

मी पुलपीटवर चढले. चौदा पानं ठेवली. तोंड उघडलं.

जीभ वर चिकटली होती. दाराची बिजागरी वाजते तसला काहीतरी आवाज निघाला, तो माइकमधून सगळीकडे गेला. पुन्हा प्रयत्न केला. तेवढंही निघालं नाही. पंख्याने पॅलेस्टाइनचं पान उडवून खाली टाकलं. मी भरून आल्यामुळे बोलत नाही असं समजून बायकांमध्ये दोघी डोळे पुसू लागल्या.

मग आई उठली. आई आयुष्यात चर्चमध्ये पुढे आलेली नाही. पाळण्यातल्या पोरांसाठी कुणीतरी आणलेली पाण्याची बाटली तिने उचलली आणि सरळ मधल्या वाटेने पुलपीटपाशी आली. पी, म्हणाली. माइक चालूच होता.

मी एकच घोट घेणार होते.

सकाळपासून उपाशी बसलेली तीनशे माणसं समोर, आणि तहानेच्या शब्दावर मी पुलपीटवरून लिटरभर पाणी प्याले. घटाघट. प्रत्येक घोट स्पीकरवर. पहिल्या बाकावरचे तात्याबामामा ऐंशीचे आहेत, बाटली जशी वर जाईल तशी त्यांची मानही मागे जात होती.

बाटली संपली तेव्हा आवाज आला. मी म्हणाले, आमेन. सहाव्या शब्दाचे वक्ते पायरीवर उभेच होते.

पप्पांकडे बघितलं नाही.

बाहेर आनंदराव मास्तर पानं गोळा करून घेऊन आले. क्रमाने लावलेली. म्हणाले, एकोणीस वर्षांत पाचव्याला कधी दोनच्या वर मिनिटं उरली नाहीत गं बाळ. पहिले चार कुणाचंच ऐकत नाहीत. मला वाटलं, तुझ्या लक्षात येईल. म्हणून तर मी ती एकच गोष्ट धरून बसलो होतो.

त्यांनी हे आधी सांगायला हवं होतं.

सांगितलं होतं.

१५ एप्रिल, ईस्टर

सूर्योदयाच्या उपासनेला गेले नाही. घसा बसला आहे असं कळवलं. घसा ठीक आहे.

आई जाऊन आली. पाळकसाहेब म्हणाले म्हणे, पाचवा शब्द इतकी वर्षं झाली, पण यंदाचा कुणी विसरणार नाही. पुढच्या वर्षी मला जबाबदारी द्यायची असं कमिटीचं ठरतं आहे. मी उठून बसले. दहा मिनिटं झाली की घंटा वाजवायची, ती.

पप्पा ड्यूटीवर गेले. त्या शुक्रवारच्या बदल्यातला पहिला रविवार. शुक्रवारपासून ते या विषयावर एक अक्षर बोललेले नाहीत. आईला विचारलं, पप्पांना लाज वाटली का? आई म्हणाली, त्यांनाच इचार की. विचारलं नाही. दोन रविवार, एक इस्त्री, दुसरा बाक. मी आता पुलपीटवर कधीच चढणार नाही. पदवी मिळाली तरी चढणार नाही. इकॉनॉमिक्सची परिस्थिती पाहता तोही प्रश्न यायचा नाही.

१६ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी

पप्पा कामावरून आले, हातपाय धुतले, खाटेवर बसले आणि म्हणाले, ती पानं हायेत का अजून? आण. वाच.

म्हटलं, पप्पा, राहू द्या. म्हणाले, मी ऐकायला म्हणून दोन रविवार दिलेत. वाच.

आई गहू निवडत बसली. मी उभी राहिले. बसून वाचणं बरोबर वाटेना. सुरुवातीपासून घेतलं. पर्जन्यमान झालं. मग शरीरातल्या पाण्याचे टक्के. आवाज चांगला लागला होता. वाटलं, शुक्रवारी हाच लागला असता तर! पप्पा रुळाकडे बघतात तसं डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होते. लाज वाटल्यासारखं काही दिसत नव्हतं. त्यांना आवडतंय असं मी धरून चालले.

मग त्यांनी हात वर केला. गाडी थांबवायला करतात तसा.

म्हणाले, एका मे महिन्यात बोरीबेल ठेसनाच्या पुढं काम चाललं व्हतं. आमचं पाण्याचं पिंप आमच्याच हातनं कलांडलं. सोळा माणसं. गाव लांब. दुपार झाली तवा कुणी कुणाला शिवी दिली न्हाई, का तू सांडलं म्हनलं न्हाई. आमच्यातला कोंडिबा, दिवसभर तोंड बंद न ठेवणारा गडी. त्यो नुसता माझ्याकडं बघून ओठ हलवायचा. आवाज न्हाई. शुक्रवारी तू वर उभी व्हतीस तवा मला कोंडिबाच दिसला. मला तवा समदं कळलं.

मी विचारलं, आणि हे?

पप्पा म्हणाले, हे चांगलंय. शिकलेलं हाय. पण तहान लागलेला माणूस चौदा पानं बोलत न्हाई, पोरी.

मी दुसऱ्या पानावर होते.