चिंच नसलेला चिंचपाडा

मुलुंड, १४ नोव्हेंबर १९८६, शुक्रवार

डोकं तापलंय, पण हसूही येतंय. सोसायटीची नवी पाटी म्हणे ‘ग्रीन पार्क’! का, तर चिंचपाडा गावंढळ वाटतं. सेक्रेटरी मलाच विचारतात, "ताई, चिंच तरी उरलीय का इथं?"

दुपारीच आमच्या कंपनीत आलेला हॉलंडचा इंजिनियर जेवताना त्याच्या खेड्याबद्दल सांगत होता. पुराच्या भीतीनं पूर्वजांनी मातीचं टेकाड रचलं, त्यावर घरं बांधली, गावाचं नावही टेकाडावरूनच पडलं. पुढं बांध झाले, पाणी हटलं, लोकांनी टेकाड खणून माती विकली. नावाला मात्र कुणी हात लावला नाही. मग आमच्या चिंचेनंच काय घोडं मारलंय? हे ऐकवलं तर सेक्रेटरी म्हणाले, "ते हॉलंड, हे मुलुंड!"

संध्याकाळी पाटीपुढं नारळ ठेवला. आम्ही सगळी कोकणातली, सेक्रेटरीसुद्धा, म्हणून गाऱ्हाणं हवंच. तो मान बाबांचा. सेक्रेटरींनी त्यांच्या कानात नवं नाव सांगितलं. बाबांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाज लावला, "बा देवा, चिंचपाड्याच्या राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका दमात ओरडले. सर्वांत मोठा आवाज सेक्रेटरींचा.

लावा आता पाटी.