कर्टिस नर्स होतो

८ जानेवारी

सकाळी कॉफी घेताना कर्टिस म्हणाला, "नर्स होईन म्हणतो." मी म्हटलं, "दूध संपलंय." तो उठून बूट घालायला लागला. दूध घेऊन आला. विषय तिथेच.

कागदाची गिरणी थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी बंद झाली. तिथल्या प्रयोगशाळेत तो लगदा तपासायचा. वय एकोणपन्नास. प्रभू, तुझी इच्छा काय ते कळू दे. लवकर कळलं तर बरं.

९ जानेवारी

ब्रिटाला त्याने स्वतःच सांगितलं. सोळा वर्षांची पोर, काही मनात ठेवत नाही. "बाबा, पांढरी टोपी घालणार?" "दिली तर घालीन." "शी! मग मी कधी आजारीच पडणार नाही." "बघ, गुण आत्ताच यायला लागला," म्हणाला.

१९ जानेवारी

जेवणाच्या टेबलावर तीन कॉलेजांची माहिती पसरलीय. मांस-बटाट्याची पास्टी खायची कुठे? मांडीवर.

हा अभ्यासक्रम आधीच पदवी असलेल्यांसाठी. चार वर्षांचं शिक्षण सव्वा वर्षात कोंबतात. कर्टिसकडे रसायनशास्त्राची पदवी आहे. मी शाळेपुरती शिकलेली, पण एवढं मलाही कळतं — एवढ्या घाईत शिकायचं म्हणजे मध्ये पगारी काम जमणार नाही.

त्याने तिन्हीकडे फोन केले. प्रश्न तेच. पास होणाऱ्यांपैकी किती जणांना पहिल्या खेपेत परवाना मिळतो? दवाखान्यातलं प्रात्यक्षिक तुम्ही लावून देता की आम्ही दारोदार हिंडायचं? डुलुथच्या कॉलेजातल्या बाई नीट बोलल्या. ग्रीन बेच्याही. तिसरं कॉलेज कुठलं ते मला अजून कळलेलं नाही. तिथला मुलगा म्हणे, "सर, आमचे विद्यार्थी फार आनंदी असतात." कर्टिस म्हणाला, "त्यातले नर्स किती?" "सर, आज नाव घातलंत तर अर्जाची फी माफ!" फोन ठेवला. तेव्हापासून तो मुलगा रोज फोन करतोय. काल ब्रिटाने उचलला. म्हणाली, "बाबा आनंदी आहेत, आता नको."

२ फेब्रुवारी

ग्रीन बे ठरलं. पुस्तकी भाग घरी बसून, प्रात्यक्षिकाला तिथे जायचं. डुलुथला कुटुंबासकट राहायला जावं लागलं असतं. मला बरं वाटलं. म्हणजे आपण इथेच आहोत.

मात्र शरीरशास्त्र आणि जंतुशास्त्र पुन्हा करायचंय. जुने मार्क शिळे झाले म्हणे. मार्क शिळे होतात हे मला नवीन.

११ फेब्रुवारी

बुधवारी प्रार्थनाघरात बायकांची कॉफी होती. वेलचीचा पाव मी नेला होता. वहिनी लोइस सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं मार्शा, कर्टिस आता लोकांचे पार्श्वभाग पुसणार?" मी म्हटलं, "तुझ्या तिन्ही पोरांचे पुसलेत त्याने, तू नाताळाच्या खरेदीला जायचीस तेव्हा." सगळ्या हसल्या. लोइसही. मग घरी येऊन मला वाईट वाटलं. एवढं चोख उत्तर द्यायची गरज नव्हती. आज तिची क्षमा मागितली. "कशाची?" म्हणाली. विसरली होती.

२७ एप्रिल

जंतुशास्त्रात कर्टिस वर्गात दुसरा. ब्रिटाला हे कॉलेजच्या वेबसाइटवर दिसलं, त्याने सांगितलं नव्हतं. मी विचारलं. "पहिली आलेली मुलगी फार हुशार आहे," म्हणाला.

२६ ऑगस्ट

कॉलेज सुरू झालं.

आजपासून मांस फक्त फ्रीझरमधलं. शिकारीतल्या हरणाचं अजून पुष्कळ आहे.

१४ ऑक्टोबर

रोज माझा रक्तदाब मोजतो. ब्रिटाचा मोजतो. शेजारच्या हेल्विग म्हातारबुवांचा मोजायला गेला तर ते म्हणाले, "चहा-कॉफी देत असशील तर मोज." आता ते रोज येतात.

पलंगावर माणूस असताना चादर बदलायचा सराव माझ्यावर चाललाय. मला कुशीवर वळवतो, एक हात खांद्यावर, एक कमरेवर. "आता तुम्हाला वळवतोय हं, मिसेस कांगस." लग्नाला चोवीस वर्षं झाली, मला कधी कोणी आधी सांगून वळवलं नव्हतं. मी डोळे मिटून पडून राहिले. चादर छान ताणली होती.

६ मार्च

ग्रीन बेहून परत यायला बर्फामुळे उशीर. वाटेत गाडीत झोपला म्हणे. आल्यावर जेवला, वाफेच्या अंघोळीचा सौना तापवला, शनिवार नसताना. बाहेर आल्यावर म्हणाला, "आज एक बाई गेली. माझा हात धरून होती." एवढंच. मी टॉवेल दिला.

१९ डिसेंबर

संपलं. समारंभाला गेलो. वर्गातल्या मुलींनी त्याला मिठ्या मारल्या. "आमचा कर्टिस! आमचा कर्टिस!" तो मोठ्याने हसत होता. तसं हसताना गावात मी त्याला पाहिलेलं नाही. फोटोत मी कडेला आलेय, कोट काढायचा राहिला.

१२ फेब्रुवारी

परवान्याची परीक्षा झाली. संगणकावर असते. माणूस कसा ते पुरेसं कळलं की मशीनच थांबतं. त्याचं लवकर थांबलं. म्हणजे एकतर फार चांगलं, नाहीतर फार वाईट. "तुला काय वाटतं?" "मशीन बंद झालं, असं वाटतं."

१४ फेब्रुवारी

पास. देवाचे आभार. ब्रिटाने दारावर कागदाची टोपी लावली.

३ मार्च

आता नोकरी. ग्रीन बेच्या ज्या इस्पितळात तो शिकला तिथे नव्या नर्ससाठी वर्षभराची जागा आहे, हाताखाली घेऊन शिकवतात. त्यांनी स्वतःहून विचारलंय. उत्तराला महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. इथे गावच्या इस्पितळातही एक जागा निघाली आहे. तिथे अर्ज टाकला.

मी गुडघे टेकून मागितलं ते इथलंच. घर इथे. प्रार्थनाघर इथे. आईबाबा इथल्या दफनभूमीत. ब्रिटाची शाळा जूनमध्ये संपेल. पन्नाशीला मी नव्या गावात, प्रार्थनाघरात करतो तसं, कुणाला "देवाची शांती" म्हणून हात मिळवू?

१० मार्च

गावच्या इस्पितळात मुलाखत झाली. वॉर्डच्या प्रमुख मिसेस प्रुइट, दक्षिणेतल्या जॉर्जियाहून आलेल्या. "कशी झाली?" "झाली." "काय विचारलं?" "मी चांगला का, ते विचारलं." "मग?" "म्हटलं, वेळेवर येतो."

प्रभू, मला धीर दे.

१६ मार्च

गावच्या इस्पितळाने नाही म्हणून कळवलं.

१७ मार्च

कारण आज कळलं. हार्डवेअरच्या दुकानात वर्नर भेटला, गिरणीत कर्टिसचा मुकादम होता. मोठ्या खुशीत मला म्हणतो, "इस्पितळातून बाईचा फोन आला होता. तुझ्या नवऱ्याचं एवढं कौतुक केलंय मी, आता लागलाच समज!" "काय सांगितलंस?" "ती म्हणाली, माणूस कसा आहे? मी म्हटलं, वाईट नाही." "आणि?" "आणि काय? ती म्हणाली, अजून काही? मी म्हटलं, तक्रार नव्हती कधी." छाती पुढे काढून उभा होता.

मला रडू की हसू कळेना. वर्नरने स्वतःच्या बायकोबद्दलही, ती गेली तेव्हा, एवढं म्हटलं नव्हतं. पण जॉर्जियाच्या बाईला काय कळणार? तिने ऐकलं असेल — बेताचा माणूस.

वर्नरला तसं सांगितलं नाही. खिळे घेतले, घरी आले.

२० मार्च

आज एक गोष्ट केली.

इस्पितळात गेले. मिसेस प्रुइट कॉफीच्या मशीनशी होत्या. नाव सांगितलं. त्या कसनुशा झाल्या. म्हणाल्या, "बाई, तुमचे पती सज्जन आहेत, पण मला वॉर्डमध्ये कामाचा उत्साह दिसला पाहिजे."

मी म्हटलं, "वर्नर 'वाईट नाही' म्हणाला ना? आमच्याकडे याच्या वरचा शब्दच नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. मग मी सांगितलं. गिरणीत एका पोराचा हात यंत्राच्या रुळांत गेला होता. कर्टिस त्याच्या दंडाची शीर दाबून जमिनीवर बसला, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सोडली नाही, आणि पोराशी मासेमारीबद्दल बोलत राहिला. पोर वाचला. मला कर्टिसने सांगितलं नाही, पोराच्या आईने सांगितलं, आणि कर्टिसची रक्ताने भिजलेली पँट धुताना मला तिचं खरं वाटलं.

"अहो, मी मुलाखतीत हेच विचारलं होतं! कठीण प्रसंग सांगा म्हणून!"

"काय म्हणाला?"

"एकदा ट्रक बर्फात रुतला होता, म्हणाले."

दोघी हसलो. त्यांना हसू आवरेना. नर्सबाया दारातून डोकावल्या. मग मी, मार्शा कांगस, परक्या बाईसमोर, उभ्याने म्हटलं: "माझा नवरा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला माणूस आहे. आजारी पडले तर मला तोच हवा."

घरी येईपर्यंत कान तापले होते. आमच्या घराण्यात असं कुणी बोललेलं नाही.

२२ मार्च

प्रार्थनेनंतर लोइसला सांगितलं, मी नवऱ्याची बढाई मारली, मला क्षमा हवी. तिने गळ्यात हात टाकून ती दिली, मग कानात म्हणाली, "मला तर हे पाप करायची कधी संधीच मिळाली नाही गं."

२५ मार्च

मिसेस प्रुइटचा फोन! पुन्हा बोलावलं!

कर्टिसला विचित्र वाटलं. "त्यांचं मन कसं बदललं?" मी म्हटलं, "प्रार्थना." हे खोटं नाही.

२७ मार्च

जागा मिळाली. गावची. दिवसपाळी, मलमपट्टीच्या आणि शस्त्रक्रियेनंतरच्या रोग्यांचा वॉर्ड. मी स्वयंपाकघरात एकटीने "प्रभूची स्तुती" म्हणून टाकलं. वेलचीचे दोन पाव भाजले, एक हेल्विग म्हातारबुवांना. पडदे धुवायला काढले. उन्हाळ्यात मागचा कठडा रंगवायचा. कर्टिस पाव खात होता. "सोमवारपर्यंत कळवायचंय," म्हणाला. मी म्हटलं, "कळवून टाक की आत्ताच." तो म्हणाला, "पाव छान झालाय."

३० मार्च

कर्टिसने ग्रीन बेला हो कळवलं. मिसेस प्रुइटना नाही. दोन्ही फोन माझ्यासमोर केले.

मी म्हटलं, "पण गावातली जागा तुला हवी होती."

"तुला हवी होती."

"तू कधी तसं बोलला नाहीस."

"तिथे मी गिरणीतला कर्टिस नसतो, मार्शा." मग मान खाली घालून, "मला जायचंय. डुलुथ असतं तरी गेलो असतो. गिरणी होती तेव्हाही जायचं होतं."

पंचवीस वर्षं मी या माणसासाठी रोज देवाकडे मागत आले. त्याला काय हवं ते त्याला विचारलं नव्हतं.