पाणीखात्याची नणंद

ती. वन्सं यांना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हटलं तरी गुडघे वाकत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा मनाने वाकले आहे असं समजा.)

तुमची तब्येत कशी आहे? खोकला गेला का? लेकाकडे राहून परत आलात असं कळलं. तिथली हवा मानवली की नाही, सुनेने नीट केलं की नाही, सगळं सविस्तर लिहा. म्हणजे नीट केलं नसणारच, पण काय काय केलं नाही ते लिहा. घर बंद होतं तेवढे दिवस, पण तुमच्या घराची काळजी करायचं कुणाला कारण नाही. गॅस, दिवे, खिडक्या, सगळं स्वतः बंद केल्याशिवाय तुम्ही उंबरठा ओलांडत नाही. ते वळण तुम्हीच मला लावलंत. मला लागलं नाही ही गोष्ट वेगळी.

फोन करायचा सोडून ही बाई पत्र का लिहिते आहे, असं तुम्हाला वाटेल. वन्सं, फोनचं नाव काढू नका. तो मी स्वयंपाकघरात डब्यामागे उलटा ठेवला आहे. माझं शिक्षण जेमतेम चौथीचं, अक्षर म्हणजे मुंग्या निघाल्यासारखं, पण कागदाचं एक बरं असतं. ज्याला लिहिलं तोच वाचतो. सगळ्या शहराने वाचायचं आणि वर अंगठे दाखवायचे, असा प्रकार कागदात नाही.

आता पहिल्यापासून सांगते. माझी नात पाणीखात्यात लागली हे तुम्हाला माहीत आहे. तिचे आईबाप बदलीच्या गावी, म्हणून इथे आम्ही दोघीच. नोकरी अजून कच्ची आहे, करार वाढवून मिळाला तर पुढे पक्की होण्याची आशा. ती तिथे काय काम करते ते मी तुम्हाला मागे नीट सांगितलं नव्हतं, कारण मलाच कळत नव्हतं. मला वाटायचं नळ बघत असेल. तर नाही. खात्याचं फोनवर एक पान आहे, ते ती सांभाळते. पान म्हणजे, वन्सं, आपल्या घरासमोरच्या फळ्यासारखं समजा. खात्याने वर काही लिहायचं आणि खाली येणाऱ्या-जाणाऱ्याने आपलं म्हणणं लिहायचं. फळ्यावर आधी काय असायचं? साहेब फीत कापताना. साहेब दुसरी फीत कापताना. साहेब पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवताना. (टाकी काय पळून चालली होती?) मधूनमधून सूचना: तांत्रिक कारणास्तव पुरवठा खंडित राहील, नागरिकांनी सहकार्य करावे. आता पाणी नसताना सहकार्य कसं करायचं, तहान लागू द्यायची नाही? खाली लोक विचारून विचारून थकायचे आणि उत्तर कुणी द्यायचं नाही. नात देऊ म्हणाली, तर साहेब म्हणाले, प्रत्येक उत्तरावर सही लागेल. सही होईपर्यंत पाणी येऊन परत गेलेलं असायचं.

तर झालं असं, की नातीचा फोन बादलीत पडला. (पाणीखात्याचा फोन पाण्यात. हसू नका.) नवा येईपर्यंत तिने ते पान माझ्या फोनवर घातलं. सकाळी गडबडीत कामाला गेली आणि ते काढायचं राहिलं. मला यातलं काही सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मला काय कळणार होतं? मी आपली निवांत चहा घेत बसले होते, तर फोन टुणकन वाजला. बघते तर कुणी बाई विचारत होती, आमच्या गल्लीत पाणी कधी येणार हो? मला वाटलं ओळखीतलीच कुणी. दारात येऊन कुणी विचारलं तर आपण तोंड फिरवून बसतो का? मी बोटाने एकेक अक्षर शोधून लिहिलं, अगं, मोठा पाइप फुटलाय, संध्याकाळपर्यंत काही खरं नाही, प्यायचं तेवढं शेजारून घे आणि धुणं उद्यावर टाक. पाइप फुटल्याचं नातीने जेवताना सांगितलं होतं. मला काय माहीत की मी लिहिलं ते पाणीखात्याने लिहिलं असं सगळ्यांना दिसतंय!

ती बाई खूश झाली. मग दुसरीने विचारलं, तिसऱ्याने विचारलं. एका एकट्या राहणाऱ्या पोराने विचारलं, पाणी पिवळं येतंय, प्यावं का? मी लिहिलं, बिलकूल पिऊ नकोस, आधीचं वाहू दे, नंतरचं गाळून चांगलं उकळ, आणि आईला फोन कर, किती दिवसांत केला नसशील. त्याने लिहिलं, करतो आजी. वन्सं, खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला! या घरात माझं कुणी ऐकत नाही आणि तिथे अख्खी रांग लागली होती. अंगठे, बदाम, हसरी तोंडं. भाजी करपली, मला पत्ता नाही. साहेबांच्या फीत कापण्याच्या फोटोखालीही मी जाऊन आले. लिहिलं, फोटो छान आलाय, पोट जरा आत घ्यायला हवं होतं. (पाणीखात्याने स्वतःच्या साहेबांना!) हे आठवलं की आता जमिनीने पोटात घ्यावंसं वाटतं.

आणि मग आला तो गुलाब. म्हणजे चेहऱ्याच्या जागी गुलाबाचं चित्र आणि नाव 'जागरूक नागरिक'. लिहिलं होतं, पाणीखाते झोपले आहे काय? कर भरूनही घरात थेंब नाही. जबाबदार व्यक्तीने तत्काळ खुलासा करावा. ना राम राम, ना कसे आहात. माझं डोकंच फिरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी उचललं बोट आणि लावलं काचेला. मी लिहिलं ते जसंच्या तसं सांगते, कारण आता ते शहराला पाठ झालं आहे: बाबा रे, भल्या सकाळी कसला हा सूर! माझी एक नणंद आहे, अगदी अश्शीच. स्वर्गात नेऊन बसवली तरी म्हणेल, गादी झटकली नाही. तिच्या हाताखाली जन्म काढलाय मी, तुला काय घाबरते? जरा गोड बोल, पाणीसुद्धा येईल.

(नणंद म्हणजे तुम्ही नव्हे हो वन्सं. बोलण्याची एक पद्धत असते.)

झालं. पाणीखात्याला नणंद आहे हे शहराला पहिल्यांदाच कळलं. दुपारपर्यंत जो तो तेच दुसऱ्याला पाठवत होता. लोक लिहायला लागले, आज पाणी कमी दाबाने का, नणंद आली आहे का? नणंदेला आमचा नमस्कार सांगा. एकीने लिहिलं, माझीही अशीच आहे, तुमच्या खात्यात घेता का?

संध्याकाळी नात घरी आली ती दारातच पायातल्या चपला न काढता बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी विचारलं, काय गं, बरं नाही का? ती म्हणाली, "आजी, तुझा फोन दे." बघितलं, पुन्हा बघितलं, आणि एवढंच म्हणाली, "ऑफिसात सगळे हसत होते. मीपण हसले गं. मला वाटलं दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय."

वन्सं, त्या क्षणी मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोरीच्या ताटात माती मी कालवली, आणि तीही हसत हसत.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः ऑफिसात गेले. साहेबांच्या खोलीत पंखा गरगरत होता, टेबलावर काचेखाली त्यांचाच फीत कापतानाचा फोटो. मी म्हटलं, साहेब, पोरीचा दोष नाही, ते सगळं मी लिहिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे पाहिलं, आणि पोट आत घेतलं. म्हणाले, "आजी, हे सरकारी काम आहे, ओट्यावरच्या गप्पा नव्हेत." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "पण काल ऑफिसात फोन फार कमी आले. लोकांना पानावरच कळलं. आणि आमच्या आईने विचारलंय, ती बाई कोण, तिला काढू नका." आता त्यांनी नवीन पद्धत घातली आहे. रोज सकाळी नातीने साध्या शब्दांत लिहायचं, कुठल्या रस्त्याला पाणी कधी, कुठे पाइप फुटला, आणि उशीर झाला तर सरळ लिहायचं की चूक आमची. सहीची भानगड बंद. फीत फक्त खरोखर नवीन काही असेल तेव्हाच. लोकसुद्धा आता नीट बोलतात. 'चूक आमची' म्हटल्यावर समोरच्याला भांडायला उरतंच काय? ऑफिसाला हे उमगायला इतकी वर्षं लागली. माझ्यासारखीला अजून लागतायत.

पण माझा हा आनंद नासका आहे, वन्सं. कारण त्या गुलाबाने लेखी अर्ज दिला आहे. खात्याने नागरिकाचा जाहीर अपमान केला, लिहिणाऱ्याला शोधून घरी बसवावे. पान नातीच्या हवाली, म्हणजे जबाबदार नात. साहेब म्हणाले, अर्ज मागे घेतला तर मी विषय मिटवतो, नाही तर हिचा करार वाढवणं माझ्या हातात राहणार नाही. पोरगी आपली जेवते, भांडी आवरते, माझ्या गुडघ्याला तेल लावून देते. तिने तेल लावलं की मला गुडघ्याहून दुसरीकडेच दुखतं.

बाकी सगळं ठीक. तुम्ही तब्येतीला जपा. थंड पिऊ नका. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापे.

तुमची,
तोंड दाखवायला जागा न उरलेली भावजय

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. अर्जाखाली नाव-पत्ता लिहावा लागतो. तो गुलाब तुम्ही आहात. तुम्ही अर्ज दिलात तेव्हा पान आपल्याच नातीकडे आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, ते मी जाणते. तुमच्या पाया पडते, तो अर्ज मागे घ्या. राग माझ्यावर काढा, मला सवय आहे.

ता. क. वर कंसात जे लिहिलं आहे, ती बोलण्याची पद्धत वगैरे, ते खोटं आहे. मला नणंद एकच, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या दिवशी गुलाबाला बोलताना मला आठवण तुमचीच आली. शहरभर झाली ती शोभा तुमची, आणि केली मी. चूक माझी. बघा, लिहिलं. हात जड झाला, पण लिहिलं.

ता. क. तुमच्या नळाला पाणी का येत नाही तेही कळलं. खात्याचा फिटर तुमच्याकडे येऊन गेला. फाटकाजवळच्या कॉकवर तुमची मोठी कुंडी ठेवलेली आहे. त्याने बाहेरून वाकून पाहिलं तर कॉकचा दांडा आडवा, म्हणजे पाणी बंद. लेकाकडे जाताना तुम्हीच तो बंद करून, कुणाकडून तरी वर कुंडी ठेववून गेलात आणि आल्यावर उघडायचं विसरलात. तो कुंडी सरकवायला गेला तर तुम्ही खिडकीतून ओरडलात, "माझ्या कुंडीला हात लावशील तर याद राख!" म्हणून बिचारा परत आला. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पानावर तर नाहीच. (फोन डब्यामागे आहे. चार्ज केलेला आहे.)

ता. क. वरचं वाचून माझी मलाच लाज वाटली. खोडणार होते, पण खोडलं तर तुम्ही उजेडाला धरून वाचाल, म्हणून राहू देते. कॉकचं हे फिटरने आधी नातीलाच सांगितलं. मी तिला म्हटलं, अगं, साहेबांना सांग, तक्रारच खोटी ठरेल, तुझी नोकरी वाचेल. तर म्हणाली, "नको आजी. आत्याआजींना लोक एकदा हसलेत, पुन्हा नको." फिटरलाही तिने गप्प राहायला सांगितलंय. तुमच्यासाठी एवढीशी पोर तोंड मिटून बसली आहे, आणि मी या वयात एक बोट मिटू शकले नाही. अर्जाचं तुम्हाला वाटेल ते करा, मी काही म्हणणार नाही. कॉक मात्र लगेच उघडू नका. कुंडी जड आहे, तुमच्या कमरेला झेपायची नाही. मी उद्या येते, दोघी मिळून उचलू.