अर्धा चौक

बाई, आज तुमच्याशी भांडायचं म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता जुनं भांडण उकरून काढणं शोभत नाही, हे मलाही कळतं. पण तुम्ही एक वाक्य बोलून गेलात आणि ते माझ्या मानगुटीवर बसलं, ते काही उतरायला तयार नाही. वडील कामाला होते त्या कारखान्यात पगार थांबले आणि गेटवर कामगारांची सभा होती तेव्हाची गोष्ट. चित्रकलेत पहिली येते म्हणून अख्ख्या चाळीने फलक रंगवायचं काम माझ्या गळ्यात घातलं होतं. मी मोहने गावातल्या आमच्या खोलीबाहेर कापड पसरलं आणि मुठी, मशाली, साखळदंड, ऐकून माहीत होतं ते सगळं त्यात कोंबलं. तुम्ही शाळेत जाता जाता वाट वाकडी करून बघायला आलात. छत्री मिटलीत, कापडाभोवती एक चक्कर मारलीत आणि म्हणालात, "लाल फार झालाय गं. एवढा लाल बघून माणूस थांबत नाही, बाजूला होतो." आणि निघताना, जणू सहज, "चित्रानं ओरडू नये. ओरडायला माणसं आहेत की." मी रडून घर डोक्यावर घेतलं. वडील म्हणाले, "बाईंना बोलायला काय जातंय? त्यांचा पगार चालू हाय." मला तेव्हा वडिलांचंच पटलं होतं.

तरी रविवारी मी शहाडला तुमच्याकडे आलेच. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून उजेड चांगला येतो म्हणून तुम्ही मला ओट्यावर कागद ठेवून जलरंग शिकवायच्या. एका बाजूला कुकर शिट्ट्या देतोय, दुसऱ्या बाजूला मी आकाशाच्या रंगाचा हात फिरवतेय, आणि तुम्ही लसूण सोलता सोलता "पाणी कमी, पाणी कमी" करताय. त्या दिवशी फलकाचा विषय तुम्ही काढला नाहीत, मीही फुगून बसले होते. जाताना जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेला एक ब्रश माझ्या हातात ठेवलात. "हा पाण्यात उभा ठेवायचा नाही. केस वाकतात," एवढंच म्हणालात. आपला समेट झाला तो असा.

पुढे मीही तुमच्यासारखी चित्रकलेची बाई झाले, डोंबिवलीत. शाळा सुटली की मोर्च्यांचे फलक, हे माझं दुसरं आयुष्य. खाडी वाचवा, झाडं वाचवा, डोंगर वाचवा. हल्ली डोंगरच जास्त. आमच्याकडे उंच उंच इमारती उठतायत आणि त्या प्रत्येकीच्या पोटात कुठला तरी डोंगर खडी होऊन बसलाय. आंबिवलीच्या पलीकडे, आत, एक वारली पाडा आहे. नाव लिहीत नाही. त्याच्या पाठीमागचा डोंगर दगडखाणीने असा खाल्लाय की पाड्यावरून बघितलं तर पुढून हिरवा दिसतो आणि वळसा घालून गेलं की मागे काहीच नाही, नुसता उभा कापलेला काळा कातळ. आता खाणीला पाड्याकडचा उतारही हवा आहे. तो गेला की घरं गेली, झरा गेला, त्यांचे देव बसतात ती जागा गेली. दुपारी भोंगा वाजतो, लोक म्हातारीकोतारी आणि पोरं घेऊन खाली वळणावरच्या चिंचेखाली जाऊन बसतात, सुरुंग उडतात, मग परत येऊन धुळीने माखलेली भांडी घासतात. हे मी डोळ्यांनी बघितलं, आणि दर वेळी लाल रंगाचा डबा उघडला.

या उन्हाळ्यात पाड्यावर एका मुलीचं लग्न ठरलं. तुम्ही आम्हाला वारली चित्र कार्डशीटवर शिकवलं होतंत, प्रदर्शनासाठी, आठवतं? ते चित्र मुळात लग्नातलं. घरातल्या भिंतीवर सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने चौक काढायचा, मधोमध पालघट देवी बसवायची. लग्न लावणारी म्हातारी, ती धवलेरी, शेजारी बसून गात राहते. चौक पुरा झाल्याशिवाय लग्न लागत नाही. तर मुलीच्या घरी आदल्या दिवशी चौक निम्मा झाला आणि दुपारच्या सुरुंगाने भिंतीचा सगळा गिलावा खाली आला. देवीसकट. मुलीची आई त्या ढिगाऱ्यापाशी मटकन बसली. मी तिथेच होते, ‘आम्ही हटणार नाही’ असा भलामोठा फलक चिंचेला बांधत होते. आता लग्न मोडतंय की काय, हीच सगळ्यांची धास्ती. धवलेरी मात्र त्या मातीकडे बघून म्हणाली, "ज्यानं भित पाडली त्याचेच भितीवर काढू."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि पाड्यावरच्या सवाष्णी खरंच खाणीत शिरल्या. कातळाला शेणमाती लिंपली, वर गेरू दिला, तो सुकू दिला. मी उत्साहाने माझे ब्रश काढले. एकीने विचारलं, "तुझा नवरा हाय का गो?" मी म्हटलं, लग्नच केलं नाही. "मग तू नको हात लावू. टोप धर." बाई, माझं डोकं सणकलं. सवाष्ण, कुमारिका, विधवा असली भानगड आमच्या घरात कधी कुणी चालू दिली नाही, आणि इथे तुमच्या हाताखाली शिकलेली मी पिठाचा जर्मनचा टोप धरून उभी! पण धरला. आणि थोड्या वेळाने राग कुठे गेला ते कळलंच नाही. चघळलेल्या काडीने त्या रेघ ओढत होत्या, आणि ज्या डोंगराचं पोट फाडलेलं होतं त्याच्या उघड्या मांसावर झाडं उगवत होती, मोर येत होते, माणसं हात धरून नाचत होती. धवलेरीचा आवाज कातळावर आपटून परत येत होता, जणू आतून कुणीतरी साथ करतंय. मी आयुष्यभर चित्रं बघत आले, पण हातात टोप आहे हे विसरायला लावणारं असं एकही बघितलं नव्हतं.

तेवढ्यात भोंगा वाजला. रोजच्या वेळेच्या आधीच. वरच्या टप्प्यावर सुरुंग भरलेले होते. आणि मी पळाले. विचार वगैरे काही नाही, सरळ उतारावरून धूम ठोकली ती चिंचेखाली, माझ्याच त्या ‘आम्ही हटणार नाही’च्या खाली जाऊन उभी राहिले. त्या वळणावरून खाणीतला कातळ समोर दिसतो. मागे वळून बघते तर कुणीच उठलं नव्हतं. काड्या हातात धरून सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, कारण पिठाचा टोप माझ्या हातात होता. धवलेरी तिथून ओरडली, "अगो, पीठ आन! चौक अर्धा हाय!"

तो चढ मी परत कशी चढले, सांगता येत नाही. भोंगा चालूच, टोप हिंदकळतोय, पीठ माझ्या साडीवर सांडतंय. वर कडेला सुरुंग लावणारा माणूस उभा होता, शेजारच्या पाड्यावरचा. त्याचा मुकादम शिव्या देत होता, "बायांना हाकल, उशीर होतोय." तो खाली उतरला. चौकापासून चार हातांवर थांबला, चपला काढल्या, देवीकडे बघितलं, गाणाऱ्या म्हातारीकडे बघितलं. मग मुकादमाला म्हणाला, "माझे लग्नात हिनंच गायलेलं. मी नाय लावत. तुला लावायचाय तर तू लाव." मुकादमाने हात लावला नाही. भोंगा बंद झाला. बायकांनी यातलं काही बघितलंच नाही, त्या देवीभोवतीची नक्षी भरत होत्या. दुपार कलली तेव्हा चौक पुरा झाला आणि लग्न त्याच कातळापुढे लागलं. नवरीने मान वर करून तो चौक बघितला आणि ती जी हसली, त्याचं वर्णन माझ्याने होणार नाही.

त्या भिंतीला सुरुंग लावायला त्यानंतर कुणी कामगार तयार होईना. चौकाचा फोटो गावभर फिरला, मग साहेब लोक आले, आणि सध्या काम बंद आहे. किती दिवस, देव जाणे. चौकाचा रंग पावसात उतरलाय, देवी अजून दिसते. म्हणजे तुम्ही म्हणालात ते खरं निघालं, आणि मला राग येतो तो त्याचाच. त्या चित्रात एक अक्षर नव्हतं, लाल होता तो फक्त गेरूचा, आणि भोंगा त्याच्यापुढे गप्प बसला. माझे सगळे फलक मिळून जे झालं नाही ते एका लग्नाच्या चित्राने केलं. पण बाई, तुम्ही अर्धंच सांगितलंत. ते चित्र काढणाऱ्या उठल्या नाहीत, हे त्यातलं अर्धं तुम्हालाही ठाऊक नव्हतं.

नंतर एकदा मी धवलेरीपाशी बसून विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?" ती तपकीर ओढत होती. म्हणाली, "वाटली ना! आमी पन पललो असतो तुझेवानी. पन अर्धा चौक टाकून उठाचा नसतो." एवढं बोलून ती शिंकली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

घरी येऊन मी कपाटामागून एक चित्र काढलं. तुम्ही गेलात त्या आठवड्यात सुरू केलेलं तुमचं पोर्ट्रेट आहे ते. पातळाच्या निऱ्या झाल्यात, लसूण सोलणारे हात तर अगदी तुमचेच उतरलेत. मानेच्या वर कोरा कागद आहे. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की वेळ मिळत नाही. खरं म्हणजे, बाई, मला तुमचा चेहरा आठवत नाही.