खडूची फुली

बुधवार, ११ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी आहेस असं धरून चालते. आम्ही सगळे बरे आहोत. अक्षर जरा मोठं आलंय, पेन जाड आहे, सांभाळून घे. फोन दोनदा लावला. तू "बोल" म्हणालीस की मी वीज आली का, पाणी आलं का, असलंच विचारत बसते. म्हणून पत्र.

दुकानाची तयारी चाललीय. सोमवारी दहाला उघडायचं ठरलंय. खोली आधी एका घड्याळवाल्याची होती. भिंतीवर घड्याळं टांगलेल्या जागी फिकट गोल राहिलेत आणि सात खिळे. एकावर कात्री लावली, एकावर टेप, उरलेल्या पाचांवर काय लावायचं ते सुचत नाही. मशीन खिडकीशी ठेवलं. उजेड असा येतो की काळ्या कापडाचीही उलटी-सुलटी बाजू दारातून कळते. हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

पाटी रंगवणारा दोनदा येऊन परत गेला. काय लिहायचं विचारतो, मी उद्या या म्हणते. ह्यांनी काल जेवताना विचारलं, "तू दुकान काढतेयस की घर सोडून चाललीयस? तोंडावरून काही कळत नाही." मलाही कळत नाही. सकाळी उठते तेव्हा वाटतं, चाळिशी उलटून गेली, आता नाही तर कधी. दात घासून होईपर्यंत वाटतं, कशाला.

आता गंमत सांगते. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी पहिलं काम दिलं, लांब बाह्यांचा एक शर्ट. नवी कोरी टेप घेऊन मी मापं घेतली, बेतलं, शिवलं. घालून बघितला तर बाह्या मनगटाच्या वर आणि खांदे आवळलेले. सगळीकडे बरोबर एक इंच कमी. तुझ्या टेपचा पहिला इंच इस्त्रीखाली जळला, त्याला अठरा वर्षं झाली. ती एकपासून सुरू होते, म्हणून बावीस आलं की एकवीस लिहायचं, हे तू मला पहिल्याच दिवशी शिकवलंस. टेप नवी आली, हात तुझ्याच दुकानात राहिला. नर्सबाई हसून म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीला होईल हा. पण मला बहीणच नाही." मीही हसले. मग मशीनच्या खाली काहीतरी शोधल्यासारखं बराच वेळ वाकून बसले.

"माझी चूक आहे, दुसरा शिवून देते," असं मी त्यांना सांगितलं. खरं तेवढंच होतं, म्हणून सोपं गेलं. तेव्हापासून वकीलबाईंचा कोट डोळ्यांसमोरून हलत नाही.

तू त्या दिवशी त्यांच्यासमोर म्हणालीस, "हिने बेतलाय. हिची घाई." टेबलावर कोटाचे पुढचे दोन्ही भाग पडले होते आणि दोन्ही डावेच, एक कापताना काळ्या कापडाची उलटी बाजू वर राहिलेली. तसलं कापड पुन्हा मिळणार नव्हतं. मी म्हणाले, "हो, माझंच चुकलं." तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. आठवड्याने मी काम सोडलं. तुझं बोलणं लागलं म्हणून सोडलं असं सगळ्यांना वाटतं. मीही वाटू दिलं.

पण ताई, कात्री तुझ्या हातात होती हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. तुला माहीत नाही ते आता सांगते.

गेली दोन वर्षं, काळं किंवा गडद निळं कापड तुझ्यासमोर येण्याआधी, मी त्याच्या उलट्या बाजूला खडूची बारीक फुली मारून ठेवायचे. तुला वाटायचं, कापडवाला मारतो. एकदा तू त्याचं कौतुकही केलंस, किती व्यवस्थित माणूस म्हणून. मी मान डोलावली. तुला दिसत नाही हे तुला सांगण्यापेक्षा फुली मारणं सोपं होतं.

त्या सकाळी फुली नव्हती. दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगून मी ही खोली बघायला आले होते.

म्हणजे "माझंच चुकलं" म्हणाले ते तुला सांभाळून घेण्यासाठी की खरंच माझं चुकलं होतं म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. आणि दुखावले होते म्हणावं, तर खोली मी त्याआधीच पसंत केली होती. दुखावणं मला नंतर सोयीचं पडलं.

आता फुली कोण मारतं? काल शिवताना मध्येच हे डोक्यात आलं आणि सुई बोटात गेली.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोमवारी दहाची वेळ घेतलीय, तुझ्या नावाने. हो, दुकान उघडायची वेळही तीच. ठरवून केलं की गोंधळात झालं, विचारू नकोस. साडेनऊला तुझ्या दाराशी येईन. तू दार उघडलंस तर आधी डॉक्टर, दुकान मग दुपारी. नाही उघडलंस तर पायरीवर बसून राहीन. दुकान मंगळवारीही उघडता येईल. पाटीवर काय लिहायचं तेही तूच सांग, किंवा लिहूच नको म्हण.

पेन जाड नाही, नेहमीचंच आहे. हे पत्र तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागू नये, म्हणून एकेक अक्षर थांबून मोठं काढलंय.

जिने आयुष्यात पहिल्यांदा घाई केली नाही ती,
तुझी घाईबाई